मुक्या वेदनेचा पुरावा

मांजर भुकेने वाटीकडे धावते, घास तोंडात घेते आणि किंचाळून मागे सरते. लाळ गळते, तोंडाला घाण येते, अंग चाटणे बंद पडते. हिरड्या आणि घशाजवळचा भाग लालभडक सुजवणारा हा दीर्घकालीन दाह फार दुखतो. तरी घरचे म्हणतात, ‘नखरे करतेय.’

दुसऱ्याची वेदना कळते कशी, हा तत्त्वज्ञानातला जुनाच पेच. देकार्तने १६३७ मध्ये जनावरांना यंत्रांच्या पंगतीत बसवले. बेंथॅमने १७८९ मध्ये प्रश्नच बदलला: त्यांना विचार करता येतो का, हे सोडा, सोसावे लागते का? आपल्याकडे एकनाथांना रामेश्वराच्या वाटेवर तहानेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजताना असल्या वादाची गरज पडली नाही, असे संतचरित्रे सांगतात.

पण करुणेलाही पारखी नजर हवी. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पट्टी मांडली: कान, डोळे, मुस्कट, मिशा, डोक्याची ठेवण.

तोंडाच्या या दाहात खरी अडचण उपचारात आहे. औषधांनी बहुधा तात्पुरताच आराम पडतो. पुष्कळदा दाढा, कधी सगळेच दात काढावे लागतात. अहिंसा मानणारा इथे कचरतो, आणि मांजराची संमती तर मिळणारच नाही. मात्र बहुतेक मांजरे त्यानंतर सुधारतात, दातांवाचून व्यवस्थित जेवतात. काहींना औषधे चालू ठेवावी लागतात. घरातली पॅरासिटामॉल मात्र, दयेपोटीसुद्धा, देऊ नये. मांजराला ती जीवघेणी ठरते.