माळव्यातला पूल

धार्मिक संगीत माणसे जोडते, हे वाक्य सभा-संमेलनांत इतके सर्रास टाळ्या घेते की ते कुठे खरे ठरते आणि कुठे फसते, हे कोणी तपासत नाही. तपासायला माळवा बरा. पवारांचे धार आणि पवारांचेच देवास (त्याच्याही दोन पात्या, थोरली आणि धाकटी), मध्ये शंभरएक किलोमीटर. क्षयाने खंगलेले कुमार गंधर्व 1948 साली देवासला राहायला आले. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घर कानडी, तालीम मुंबईत देवधर मास्तरांची. पुढची काही वर्षे गाणे बंद, कान मात्र उघडे. शीलनाथ महाराजांच्या धुनीमुळे गावात नाथपंथी निर्गुणी भजने रुजलेली होती. मैफली गाजवलेल्या या गवयाने ती लोकगायकांकडून, जोग्यांकडून घेतली. त्याच गावात ख्यालगायक रजबअली खाँ 1959 पर्यंत होते आणि कृष्णराव मुजुमदारांसारखे मराठी शिष्य त्यांच्याकडे शिकले. खाँसाहेबांना दरबाराचा आश्रय होता, सलोख्याचे श्रेय संस्थानिकांच्या तिजोरीला द्या, असे कोणी म्हणेल. आश्रयाने उस्ताद मिळतो. शिष्याने त्याच्यापुढे बसून चुका दुरुस्त करून घ्याव्यात, याची सोय कुठल्याही तिजोरीत नसते. पूल बांधला गेला तो या शिकणाऱ्याच्या जागी, असे माझे मत. सुरांच्या अंगी तशी काही जादू नाही.

जादू असती तर धारमध्ये दिसली असती. हिंदू ज्याला सरस्वतीचे मंदिर आणि मुसलमान मशीद मानतात, त्या भोजशाळा-कमाल मौला परिसराला ज्यांचे नाव लागले ते कमालुद्दीन हे निजामुद्दीन औलियांच्या चिश्ती परंपरेतले. दिल्लीत त्याच निजामुद्दीनांच्या दर्ग्यात वसंत पंचमीला कव्वाल पिवळी फुले घेऊन वसंत गातात. प्रथेचा उगम अमीर खुस्रोपर्यंत नेला जातो. धारमध्ये मात्र 2003 च्या आदेशाने मंगळवार पूजेला आणि शुक्रवार नमाजाला वाटून दिला, आणि 2013 व 2016 मध्ये वसंत पंचमी शुक्रवारी आली तेव्हा गावात पोलिसच पोलिस. वेळापत्रकाला नाक मुरडू नये, डोकी फुटण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण एकाने यायचे तेव्हा दुसऱ्याने नसायचे, या व्यवस्थेत कोणी कोणाचे ऐकत नाही. महाराष्ट्रानेही फुशारकी मारू नये. 1893 च्या दंगलींनंतर मशिदीपुढची वाद्ये हा भांडणाचा विषय झाला, आणि पुढच्याच वर्षी पुण्याच्या गणेशोत्सवात मेळ्यांनी मोहरमच्या ताबुतांना जाणाऱ्या हिंदूंना हिणवणारी पदे म्हटली. तीही देवापुढेच, तालासुरात.

खरा अवघड आक्षेप वेगळा आहे. कबीर हिंदू-मुसलमान दोघांनाही आपला वाटतो, म्हणून त्याच्यावर एकमत होणे फुकटचे. शहरी श्रोता निर्गुणावर डोलतो आणि घरी जाऊन जात पाळतो. हे नाकारता येणार नाही. पण देवासला एकलव्य संस्थेने 1991 मध्ये कबीर भजन आणि विचार मंच सुरू केला, तो नेमका या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून. दर महिन्याच्या 2 तारखेला खेड्यापाड्यांतल्या मंडळ्या, त्यांत दलित गायक पुष्कळ, तंबुरा, ढोलक, मंजिरी घेऊन जमत आणि रात्रभर गात. मधूनमधून गाणे थांबे आणि चर्चा होई: आत्ता जे गायलो, ते आपण मानतो का? अस्पृश्यता, कर्मकांड, गुरुबाजी, काहीच सुटत नसे. बाबरी मशीद पडली तो काळही याच बैठकांमधला. काही वर्षांनी मंच थांबला. जात संपली नाही, आणि ती भजनाने संपेल अशी अपेक्षा ठेवणेही भाबडेपणाचे. असे प्रश्न गाण्याशिवायही विचारता येतात, हे मान्य. पण रात्रभर ज्याच्या सुरात सूर धरला, त्याने विचारलेल्या प्रश्नावर माणूस ताडकन उठून जात नाही; निदान चहा होईपर्यंत तरी बसतो.