ताळा कोणी पाहायचा?

खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिराच्या दाराच्या चौकटीवर सोळा घरांचा एक चौकोन कोरलेला आहे. पहिल्या ओळीत ७, १२, १, १४. दुसरीत २, १३, ८, ११. तिसरीत १६, ३, १०, ५. चौथीत ९, ६, १५, ४. उभी, आडवी, तिरकी, कुठलीही ओळ घ्या, बेरीज ३४. एकमेकांना चिकटलेली चार घरे घेतली तरी ३४. म्हणून त्याचे नाव चौतिसा यंत्र. दहाव्या शतकातल्या या जैन मंदिरात कोणी त्याला हात जोडतो, तर कोणी थांबून बोटांवर बेरीज करू लागतो. दोघांच्या समोर तेच सोळा आकडे असतात. यंत्राच्या अंगी काही शक्ती आहे की नाही, हा श्रद्धेचा भाग. ३४ मात्र श्रद्धेवर सोपवलेले नाहीत. ज्याला चारपर्यंत मोजता येते आणि पुढे बेरीज जमते, त्याने स्वतः पाहून घ्यावे.

जैन परंपरेतच आणखी एक चौकोन आहे. एका वेळी जास्तीत जास्त १७० तीर्थंकर असू शकतात, अशी जैनांची धारणा आहे. त्या सर्वांना वंदन करणारे ‘तिजयपहुत्त’ हे प्राकृत स्तोत्र आणि त्याच्याशी जोडलेले यंत्र आजही प्रचारात आहे. यंत्राच्या पहिल्या ओळीत २५, ८०, १५, ५०. दुसरीत २०, ४५, ३०, ७५. तिसरीत ७०, ३५, ६०, ५. चौथीत ५५, १०, ६५, ४०. प्रत्येक ओळीची बेरीज १७०. आता समजा, उतरवून घेताना एखाद्याने ४५च्या जागी ३५ लिहिले. दुसरी आडवी ओळ १६०वर येते, दुसरी उभी ओळही १६०वर येते, त्याच घरातून जाणारी तिरकी ओळही १६०वर येते, बाकी सगळ्या जिथल्या तिथे राहतात. या तीन ओळी जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच चूक. आणि १७०मधून १६० वजा केले की ती दहाची आहे हेही कळते. चूक कुठे झाली, केवढी झाली, हे आकड्यांनीच सांगितले. गुरूंना उठवायला नको.

प्राथमिक शाळेच्या वर्गात याच्या नेमके उलटे घडताना दिसते. पोर पाच उदाहरणे सोडवते आणि वही घेऊन टेबलाशी जाते. बाईंच्या पेनाकडे नाही, चेहऱ्याकडे बघते. भुवई उंचावली की लगेच खोडरबर हातात. उत्तर बरोबर की चूक हे आपल्याला कळू शकते, ही कल्पनाच त्याच्या मनात रुजलेली नसते. खरेपणा टेबलापलीकडून मिळतो, असे ते गणिताच्या तासाला शिकते. आणि हे शिक्षण गणितापुरते थांबत नाही, म्हणून हा प्रश्न निव्वळ शिक्षणशास्त्राचा नाही.

भारतीय दर्शनांनी तो फार पूर्वी ऐरणीवर घेतला होता. एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून कळते? मीमांसकांचे उत्तर होते ‘स्वतः प्रामाण्य’: ज्ञान उत्पन्न होते तेव्हाच ते खरे म्हणून येते, पुढे बाधा आली तरच ते सोडायचे. नैयायिकांचे उत्तर होते ‘परतः प्रामाण्य’: खरेपणा बाहेरून पटवावा लागतो. लांबून पाणी दिसले, जवळ गेलो, प्यालो, तहान भागली, म्हणजे ते मृगजळ नव्हते. मीमांसक त्यावर विचारतात: तहान भागली हे ज्ञान तरी खरे कशावरून? त्याला आणखी एक साक्षीदार, त्यालाही आणखी एक, अशी अनवस्था. मीमांसक कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त या साखळीला मर्यादाही घातली. शंका आली तर तपासावे, पण तीन-चार ज्ञानांच्या पुढे जायचे कारण उरत नाही.

हा वाद पोथीतला वाटत असेल, तर वजाबाकीचे एक उदाहरण घ्यावे. ५२मधून २७ वजा करायचे आहेत. अनेक मुले एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवतात आणि पाच लिहितात. दशकात पाचातून दोन गेले, तीन. उत्तर ३५. आता मुलाला सांगितले, पुन्हा तपास. ते पुन्हा तसेच करते, पुन्हा ३५ येतात, आणि त्याचा विश्वास दुप्पट होतो. विट्गेन्स्टाइन या तत्त्वज्ञाने अशा तपासणीला एक चपखल उपमा दिली होती: बातमी खरी आहे का हे पाहण्यासाठी त्याच वर्तमानपत्राच्या आणखी प्रती विकत घेणे.

मग सांगावे, उलट्या वाटेने ये. ३५मध्ये २७ मिळव. ६२ येतात, ५२ येत नाहीत. ताळा चुकला, तोही बरोबर दहाने, आणि तो दहाच हातच्याकडे बोट दाखवतो. इथपर्यंत सगळे छान आहे. पण समजा त्याच मुलाचा बेरजेतही हातचा राहतो. पाच आणि सात बारा, दोन लिहिले, एक विसरला. तीन आणि दोन पाच. झाले ५२! ताळा तंतोतंत जुळला. वजाबाकी चूक, बेरीज चूक, आणि दोन चुका एकमेकींना जामीन राहिल्या.

आपापसात जुळणे म्हणजे खरे असणे नव्हे, हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात समजावून सांगायला तासन्‌तास लागतात. इथे ते पाटीवर दिसते. एखादी श्रद्धाव्यवस्था, एखादा पंथ, एखादी विचारसरणी आतून कितीही घट्ट बांधलेली असली, प्रत्येक वाक्य दुसऱ्याला टेकू देत असले, तरी आतला हातचा सगळीकडे सारखाच राहिला असू शकतो. अशा वेळी नैयायिकांचे पाणीच उपयोगी पडते. ५२ चिंचोके मोजून घ्यावेत, २७ बाजूला काढावेत, उरलेले मोजावेत. २५. तिसऱ्या ज्ञानापाशी काम संपते. कुमारिलांनी दिलेल्या मुदतीच्या आतच.

चुकीची खबर वस्तूनेच द्यावी, हे मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचे एक मुख्य सूत्र होते. त्यांच्या लाकडी ठोकळ्यात वेगवेगळ्या जाडीचे दट्टे बसवायचे असतात; एक जरी चुकीच्या भोकात गेला, तर शेवटी एक दट्टा हातात उरतो. कोणी ‘चुकलास’ म्हणावे लागत नाही. १९३९मध्ये माँटेसरी चेन्नईच्या अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीत शिकवायला आल्या आणि युद्धामुळे १९४६पर्यंत भारतात राहिल्या. त्याआधीच, १९२६मध्ये, गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला होता. पुढे १९४५पासून ताराबाईंनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, आदिवासी मुलांच्या अंगणापर्यंत बालशिक्षण नेले. महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती. आजूबाजूच्या साध्या वस्तूंनी काम भागवले गेले.

आजकाल ‘स्वतः तपासा’ या नावाखाली बरेच काही खपते. उत्तर बरोबर आले की तुकडे जुळून हत्तीचे चित्र होते, मागच्या पानावर उत्तरे उलटी छापलेली असतात, पडद्यावर टाळ्या वाजतात. यात बाईंची जागा हत्तीने घेतली, एवढेच. हत्तीचा आणि सात-पाच बारांचा काही संबंध नाही. मूल सोंड कुठे बसते ते पाहून कार्ड लावते आणि बेरीज करायची राहूनच जाते. सुरुवातीच्या यंत्रांसारख्या जादूच्या चौकोनात तसे नाही. समजा नऊ घरांचा चौकोन आहे; एका ओळीत ८, १ आणि रिकामे घर, बेरीज १५ हवी. तिथे सहाच येणार, कारण नऊ आणि सहा पंधरा. मग उभ्या ओळीनेही त्या सहाला दुजोरा द्यावा लागतो. तपासणी बाहेरून चिकटवलेली नाही, ती त्या आकड्यांच्याच अंगी आहे.

‘गणितकौमुदी’ लिहिणाऱ्या नारायण पंडितांना ताळा आणि जादूचे चौकोन हे दोन्ही विषय प्रिय होते. १३५६च्या या ग्रंथात त्यांनी गणिताचा ताळा पाहण्याची रीत दिली. ती एकट्या नवावर अवलंबून नाही. कुठल्याही निवडलेल्या संख्येने भागून येणाऱ्या बाक्यांवरून ताळा पाहावा, असे ते सांगतात. आणि ग्रंथाच्या शेवटी भद्रगणित, म्हणजे जादूच्या चौकोनांचे शास्त्र. ही विद्या शिवाने मणिभद्राला सांगितली, असे ते सुरुवातीला म्हणतात, आणि तिचे प्रयोजन सांगताना जाणत्या गणितज्ञांचा आनंद व अर्धवटांचे गर्वहरण यांचा उल्लेख करतात. शिवाने सांगितले म्हणून चौकोन बरोबर आहे, असा दावा मात्र ते करत नाहीत. पुढे पानोपानी रीती आहेत, उदाहरणे आहेत. वाचणाऱ्याने करून पाहायची. परंपरेविषयी आदर आणि स्वतः पडताळण्याचा हक्क एकाच ग्रंथात इतके सुखाने नांदताना क्वचित दिसतात.

जैन तार्किकांनी वर आलेल्या वादात तिसरी वाट काढली होती. माणिक्यनंदींच्या ‘परीक्षामुखा’त प्रामाण्य स्वतःही आणि परतःही मानले आहे. विषय सरावाचा असेल तर खरेपणा आपोआप कळतो. अनोळखी असेल तर बाहेरचा आधार लागतो. गावातल्या तळ्याचे पाणी तपासावे लागत नाही, परक्या रानातले लागते. लहान मुलांना शिकवणाऱ्या कोणालाही हे लगेच पटावे. पहिलीच्या मुलाला ७ आणि ५ एकत्र करताना चिंचोके हवेत, ताळा हवा, कधी बाईही हव्यात. चौथीत त्यातले काहीच लागत नाही. शिकवणाऱ्याने आपली जागा हळूहळू रिकामी करायची असते, आणि कधी करायची हे ओळखणे हे त्या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे.

एक कोडे असे: त्रिकोणाच्या तीन टोकांवर आणि तीन बाजूंच्या मध्यावर १ ते ६ आकडे मांडायचे, प्रत्येक बाजूची बेरीज सारखी यावी. टोकांवर १, २, ३ ठेवले की ९ जमतात. १० जमतात, ११ जमतात, १२ही. एखादी मुलगी १३च्या मागे लागते आणि ते होत नाही. तिला जमत नाही, की कोणालाच जमणार नाही? आणि नसेलच जमणार, तर हे ठरवले कोणी? तत्त्वज्ञ देकार्तने १६३०मध्ये मेर्सेन या विद्वानाला लिहिलेल्या पत्रांत अशी भूमिका घेतली होती की गणितातली सत्येही ईश्वराने, राजाने कायदे करावेत तशी, ठरवलेली आहेत. पुढे लायब्निझ या तत्त्वज्ञाला हे मान्य नव्हते. त्याच्या मते ती सत्ये ईश्वराच्या इच्छेवर नव्हे, बुद्धीवर आधारलेली आहेत. मुलीला या दोघांपैकी कोणाचीही गरज लागत नाही. तीन बाजू, प्रत्येकी १३, म्हणजे ३९. एक ते सहाची बेरीज २१. टोकांवरचे आकडे दोनदा मोजले जातात, म्हणून ३९ वजा २१, टोकांवर १८ हवेत. सगळ्यात मोठे तीन आकडे ४, ५ आणि ६. त्यांचे होतात १५.