विकत घेतलेले कर्म आणि देखरेखीचे दायित्व

रुग्णालयाची सफाई, कार्यालयाचा पहारा, नोंदी संगणकावर चढवणे अशी कामे शासन आज आपल्या नोकरांऐवजी कंत्राटदाराकडून करून घेते, आणि मग त्या कामाच्या बऱ्यावाइटाचा धनी कोण, करणारा, करवून घेणारा की केवळ पाहून देयकावर सही करणारा, हा प्रश्न उभा राहतो. वरकरणी प्रशासकीय दिसणारा हा प्रश्न मुळात कर्तृत्वाचा असून पूर्वमीमांसेने, म्हणजे वैदिक कर्मकांडाची चिकित्सा करणाऱ्या दर्शनाने, तो यज्ञाच्या निमित्ताने हाताळला आहे.

श्रौतयागातील बहुतेक क्रिया ऋत्विज, म्हणजे यज्ञाचे पुरोहित, करतात, तरी फळ यजमानाला मिळते, कारण दक्षिणा देऊन त्याने त्यांचे कर्म विकत घेतलेले असते. या व्यवहाराला मीमांसक परिक्रय म्हणतात. परिक्रयालाही मर्यादा आहे. देवतेला उद्देशून द्रव्यावरील स्वामित्व सोडणे, म्हणजे त्याग, हे यजमानाचे स्वतःचे कर्म असून ते दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. शासनाच्या बाबतीत हे स्थान देखरेखीला द्यावे लागते. यज्ञाचे फळ यजमानाचेच असते, तर सफाईचे फळ रुग्णाचे, हा फरक खरा. पण त्याने शासनाचे दायित्व घटत नाही, उलट वाढते, कारण येथे हयगय एकाची आणि हानी दुसऱ्याची असते.

होता, अध्वर्यू आणि उद्गाता हे पठण, हवन आणि गायन करीत असताना ब्रह्मा नावाचा चौथा ऋत्विज बहुतांशी मौन धरून बसतो. त्याला दक्षिणा कशासाठी, अशी रोखठोक शंका ऐतरेय ब्राह्मणानेच उपस्थित केली आहे, आणि तो यज्ञाचा वैद्य आहे, असे तिचे समाधान दिले आहे. कर्मात चूक घडताच ती ओळखून प्रायश्चित्ताने, म्हणजे दोषनिवारक विधीने, तेथेच सांधणे हे त्याचे काम. आजची देखरेख बहुधा महिनाअखेरीस देयकातून दंड कापून संपते. त्याने पैसा वाचतो, पण अस्वच्छ राहिलेला कक्ष त्या दिवसापुरता अस्वच्छच राहतो.

सांख्य दर्शनातील पुरुष, म्हणजे चेतन तत्त्व, द्रष्टा असून अकर्ता आहे, म्हणजे तो पाहतो पण करीत नाही. पर्यवेक्षकाला हा आधार मोहक वाटेल, पण तो मिळत नाही, कारण हजेरीपट प्रमाणित करणाऱ्या त्याच्या सहीनेच शासनाचा पैसा हलतो आणि म्हणून ती सही हेच कर्म ठरते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही हीच भूमिका घेतली: वेतनवाटपाच्या वेळी मुख्य नियोक्त्याचा, म्हणजे काम करवून घेणाऱ्या आस्थापनेचा, प्रतिनिधी हजर राहून दिलेली रक्कम प्रमाणित करील, आणि कंत्राटदाराने वेतन थकवले तर मुख्य नियोक्त्याने ते स्वतः देऊन मग त्याच्याकडून वसूल करावे, अशी तरतूद त्यात होती.