वेलाचा शेंडा खुडावा काय?

चातुर्मास लागला की माळकऱ्याच्या घरातून कांदा, लसूण, वांगे बाहेर जाते आणि दुधी, दोडका, लाल भोपळा यांना मान मिळतो. आमच्या गारखेड्यात आता मोकळी जागा फारशी उरली नाही, तरी आषाढीच्या सुमारास कोणी गच्चीवरच्या पिंपात, कोणी कुंपणाच्या भिंतीशी दोन बिया टोकतोच. मागे हरिपाठानंतर एका माउलींनी विचारले, "महाराज, दुधीचा वेल मांडवभर झाला, पण नुसती वांझ फुले येतात. शेजारी म्हणतात, शेंडा खुडा. वाढत्या जिवाचा शेंडा मोडायचा कसा? गळ्यात माळ आहे."

दोघेतिघे हसले. मला हसण्यासारखे काही वाटले नाही. आपल्याकडे कोवळ्या भोपळ्याकडे बोट दाखवू देत नाहीत, तो गळतो म्हणतात. अख्खा कोहळा चिरताना पहिली सुरी घरच्या पुरुषाने लावायची, अशी रीत कित्येक घरांत आहे, कारण बळीच्या जागी कोहळा फोडतात. म्हणजे या फळात जीव आहे ही जाणीव आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे. माउलींचा प्रश्न त्याच जाणिवेतून आलेला.

आधी वेलाचे ऐकू. दुधीच्या मुख्य वेलावर बहुतेक नरफुले येतात. मादीफूल, म्हणजे ज्याच्या मागे इवलासा दुधी दिसतो ते, प्रामुख्याने बगलेतल्या फांद्यांवर येते. शेंडा खुडला की बगला फुटतात आणि फळ धरते. शेतकऱ्याचे म्हणणे खरे आहे. पण आणखी एक गोष्ट आहे. नरफुले मुळात आधीच येतात, त्यामुळे पहिले काही दिवस धीर धरावा लागतो. शिवाय दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि त्यावर रात्रीचे पतंग येतात. गच्चीवर पतंग फिरकला नाही तर मादीफूल पिवळे पडून गळते, आणि आपण म्हणतो कोणी तरी बोट दाखवले. अशा वेळी दिवेलागणीला एक नरफूल घेऊन त्याचा पराग मादीफुलाला लावावा. कित्येकदा एवढ्याने काम होते. लाल भोपळ्याचे फूल मात्र पहाटे उमलते, त्याचे हे काम सकाळीच करायचे. हे केल्याशिवाय नख लावण्याची घाई कशाला?

आता माउली काय म्हणतात ते पाहू. शके 1212 मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण फार विस्ताराने आले आहे. तिथला साधू इतका हळुवार की अंगावरचे रोम दुखावतील म्हणून अंगावरून हात फिरवीत नाही. नखेसुद्धा बोटांवर गुंडाळी होईपर्यंत वाढतात. नख न काढणाऱ्याच्या मापाने शेंडा खुडणारा कुठे बसणार? पण त्याच्या अगोदर माउली एक वेगळी झाडाझडती घेतात. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्यांचेच कुंपण बुंध्याभोवती घालायचे, ही कसली अहिंसा, असे ते विचारतात. राहती घरे मोडून देऊळ बांधणे, लोकांना नागवून अन्नछत्र घालणे, हेही ते त्याच ओळीत बसवतात. औषधासाठी झाडांची मुळे खणणारे, साली सोलणारे वैद्यही त्यातून सुटत नाहीत. माझ्या समजुतीप्रमाणे माउलींचा रोख तोडण्यावर आहे, त्याहून अधिक तोडून त्याला रक्षण म्हणण्यावर आहे.

म्हणून "वेलाच्या भल्यासाठीच खुडतो" हे वाक्य मला पटत नाही. वेलाला आपल्या मांडवाशी काय देणे? त्याला पसरायचे आहे. भाजी आपल्याला हवी आहे. खुडायचे तर "माझ्या ताटासाठी खुडतो" असे म्हणून खुडावे.

याच कारणाने कीर्तनात अधूनमधून ऐकू येणारा एक दृष्टांत मला रुचत नाही. देव माळी आहे, तो भक्ताचा शेंडा खुडतो, म्हणून दुःख आले की समजावे फळ येणार! ऐकायला गोड आहे, टाळ्याही मिळतात. पण समोर तरुण मुलगा गेलेली आई बसलेली असते. तिला काय ऐकू येते, याचा विचार बोलणाऱ्याने करावा. माळी खुडतो तो स्वतःच्या फळासाठी. विठोबाला आपल्या फळाची भूक आहे काय? आपल्या नखाचे काम त्याच्या नावावर मांडू नये.

मग माळ्याने काय करावे? अरणचे सावतोबा आठवा. वारीलाही न जाता मळ्यात राबले, शके 1217 च्या आषाढ वद्य चतुर्दशीला तिथेच त्यांची समाधी झाली. कांद्यामुळ्यात, मिरची-कोथिंबिरीत त्यांनी विठ्ठल पाहिला. ती भाजी त्यांनी उपटलीही असेल, खुडलीही असेल. खुरपे हातात घेतल्याशिवाय मळा होत नाही. पाहणे आणि खुडणे एकाच हाताने चालले होते, आणि त्यातले एक दुसऱ्यासाठी त्यांनी सोडले नाही.

त्या माउलींना मी सांगितले ते असे. वेल एकच आणि जागा थोडी असेल, तर मांडवाला पोचल्यावर शेंडा एकदा खुडा. परसात पसरायला जागा असेल तर लाल भोपळ्याला हात लावू नका, तो पेरापेरावर मुळ्या धरून आपले आपण भागवतो. हिरवे पान उगाच तोडू नका, फळाचे अन्न तिथेच शिजते. भुरी पडलेले वाळके पान काढले तर चालेल. आणि पाच वेल लावून पाचांचे शेंडे मोडण्यापेक्षा दोनच लावा. जायकवाडी जवळ असूनही नळाच्या पाण्याची वाट पाहत बसण्याची या शहराला सवय आहे. पाचांना पाणी कुठून आणणार?

"आणि खुडलेला शेंडा?" त्यांनी विचारले. दुधीचा झाडांच्या मुळाशी घाला. लाल भोपळ्याचा असेल तर कोवळ्या पानांसकट त्याची भाजी होते. देठाचे दोर तेवढे काढून घ्यायचे. चातुर्मासात लसूण नाही, तेव्हा जिरे-मिरचीची फोडणी आणि थोडी भिजवलेली मूगडाळ.