भूत कोणाचे होते?

गेल्या माघ महिन्यात आमच्या मंडळीतील सहासात तरुण आमच्याकडे आले व म्हणाले, "पाळकसाहेब, नगरच्या आसपास ज्या जुन्या इमारतींत भुतांचा वास आहे असे लोक बोलतात, त्या आम्हांस एकदा पाहावयाच्या आहेत. आपण बरोबर चला, म्हणजे घरची माणसे नको म्हणणार नाहीत."

हल्ली अशा सहलींची चाल पुष्कळ पडली आहे. लोक तिन्हीसांजा पडक्या वाड्यांत शिरतात, मोबाइलवर चित्रे घेतात, थोडे भितात, थोडे हसतात, आणि घरी येऊन जेवतात. ह्यात वावगे ते काय, असे पुष्कळांस वाटेल. आम्हांसही प्रथम तसेच वाटले, म्हणून आम्ही रुकार दिला. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. तो हा की, मेलेल्या मनुष्याचे आपण भूत करितो, तेव्हा आपण त्याच्याशी न्यायाने वागतो काय?

प्रथम आम्ही फराहबागेत गेलो. हौदाच्या मध्यभागी उभारलेला हा अष्टकोनी महाल १५८३ मध्ये पुरा झाला. आता तो ओसाड असून त्यात पारव्यांची वस्ती आहे. ज्या मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत तो पुरा झाला, त्यास १५८८ मध्ये त्याच्या पोटच्या मुलाने, मीरान हुसेनाने, स्नानगृहात कोंडून उष्णतेने मारविले. त्यापूर्वी बापानेही मुलास जाळण्याचा यत्न केला होता. प्रसिद्ध इतिहासकार फेरिश्ता त्या वेळी नगरच्या दरबारी चाकरीस होता, व त्याने ही हकीकत लिहून ठेविली आहे. पुढच्याच वर्षी त्या मुलाचाही वध झाला. एक तरुण सभोवार पाहून म्हणाला, "येथे तर काहीच दिसत नाही." आम्ही म्हणालो, "बापलेकांच्या वैराने एक राज्य कसे पोखरले ते येथे दिसते. ते थोडे आहे काय?" तो गप्प राहिला, परंतु त्याचे समाधान झाले नाही, हे आम्हांस कळले.

नंतर भुईकोट किल्ला पाहिला. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तटास खिंडार पाडिले, तेव्हा चांदबिबी स्वतः त्या खिंडारापाशी उभी राहिली व रातोरात तिने ते बुजवून घेतले. तिचा शेवट कसा झाला हे मुलांस ठाऊक नव्हते. १६०० मध्ये किल्ल्यास पुन्हा वेढा पडला असता, ती शत्रूस फितूर झाली अशी आवई उठली, आणि ज्यांच्यासाठी ती लढली त्यांनीच तिला ठार मारिले. शत्रूच्या सुरुंगाने जे साधले नाही, ते आवईने साधले.

दिवस मावळता आम्ही पाथर्डीच्या वाटेवरील शहाडोंगरावर चढलो. तेथील तीन मजली अष्टकोनी इमारतीस सारा जिल्हा 'चांदबिबीचा महाल' म्हणतो. परंतु तो महाल नव्हे, कबर आहे; आणि ती चांदबिबीची नव्हे, मुर्तजाचा मंत्री सलाबतखान ह्याची आहे. ज्या भातोडीच्या तलावाने पुष्कळ शेते भिजविली तो ह्याच पुरुषाने बांधविला. लोकांस पाणी देणाऱ्याचे नाव त्याच्या स्वतःच्या थडग्यावरूनही पुसले गेले, आणि जी बाई येथे पुरलेली नाही तिचा आत्मा येथे रात्री हिंडतो असे एका तरुणाने आम्हांस मोठ्या खात्रीने सांगितले. इतक्यात वरच्या मजल्यावरून काही फडफडले. सगळे पायऱ्यांकडे धावले. आमचेही पाऊल उचलले गेले, हे कबूल करितो. पाहतो तो पारव्यांची एक जोडी! सर्व पोट धरून हसले.

डोंगर उतरताना एक जण म्हणाला, "खरे भूत नगरास नाहीच. ते पुण्यास, शनिवारवाड्यात." ही गोष्ट कोणास ठाऊक नाही? पौर्णिमेच्या रात्री त्या वाड्यातून एका मुलाची आरोळी ऐकू येते व तो आपल्या काकास वाचविण्यासाठी विनवितो, असे सांगतात. आणि ते ऐकावयास हौशी लोक तेथे जातात. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. तट, दरवाजे व जोती उरली. तरी आरोळीची गोष्ट जळाली नाही.

आता खरे काय घडले ते पाहा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्याचा खून केला. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. जीव वाचविण्यासाठी तो धावत जाऊन आपला चुलता राघोबादादा ह्याच्या गळ्यास बिलगला, आणि तेथेच त्याचा अंत झाला. हे रात्री घडले नाही; भर दिवसा, माणसांनी भरलेल्या वाड्यात घडले. आणि भूत कोणाचे झाले? कटात ज्याचा हात होता त्या चुलत्याचे नव्हे. ज्यांनी तलवार चालविली त्यांचे नव्हे. ज्याने आसरा मागितला, त्याचे!

वाचकहो, येथेच आमच्या प्रश्नाचे मूळ आहे. आपल्या गावांकडे पाहा. हडळ कोणाची होते? बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची. मुंजा कोणाचा होतो? अल्पवयात मेलेल्या मुलाचा. खवीस म्हणत ते बहुधा परधर्मी किंवा गावकुसाबाहेरच्या मनुष्याच्या पिशाचास. गावच्या जुलमी पाटलाचे किंवा लुबाडणाऱ्या सावकाराचे भूत झाल्याचे आम्ही क्वचितच ऐकिले. ज्यांच्यावर अन्याय झाला किंवा ज्यांची हेळसांड झाली, त्यांचेच भूत होते. ह्याचे कारण उघड आहे. आपले मन आपणांस टोचत असते. त्या टोचणीस 'आम्ही चुकलो' असे म्हणणे जड जाते. 'तो आम्हांस छळतो' असे म्हणणे सोपे पडते. मग मार खाणारा अपराधी ठरतो, आणि मारणारे व पाहत राहणारे त्याच्यापासून रक्षण व्हावे म्हणून लिंबू उतरून टाकितात.

हे आम्ही दुसऱ्यांस शिकविण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या हाताखालील एका खेड्यात एक सून बाळंतपणात वारली. पावसाळ्याचे दिवस होते, रस्ता चिखलाचा होता, आणि ज्यांच्या दारी गाडी होती त्यांनी ती रात्री काढिली नाही. मूल वाचले. वर्ष लोटले नाही तोच ती बाई जुन्या बारवेवर केस सोडून बसते अशी बोलवा झाली. आमच्या मंडळीची माणसेही संध्याकाळी ती वाट टाळू लागली. आम्ही उपदेशात भुतांविरुद्ध पुष्कळ बोललो. परंतु एका अमावास्येस घरी परतताना आम्ही स्वतः फेर घेऊन दुसऱ्या वाटेने आलो, व वाटेत कोणी विचारिले तेव्हा चिखलाचे निमित्त सांगितले. पुढे तो मुलगा शाळेत जाऊ लागला. एके दिवशी तो आमच्या पायरीवर येऊन बसला व त्याने विचारिले, "पाळकबाबा, माझी आई लोकांना धरते का?" पोरे त्यास हडळीचा मुलगा म्हणून चिडवीत होती.

त्या प्रश्नाने आम्हांस जितकी लाज वाटली तितकी कशानेही वाटली नव्हती. त्या रात्री ज्यांनी गाडी काढिली नाही त्यांची नावे गाव विसरून गेला होता. रस्ता कोणी मागितला नव्हता. सर्वांनी मिळून दोष त्या मेलेल्या बाईच्या माथी मारिला होता, आणि त्याची शिक्षा तिचे लेकरू भोगीत होते. मग पडक्या वाड्यातली भुताची गोष्ट निरुपद्रवी कशी म्हणावी? जी जीभ पुण्याच्या वाड्यात करमणूक म्हणून सैल सुटते, तीच गावच्या बारवेवर एका अनाथाचा जीव नकोसा करिते.

कोणी उपदेशकबंधू विचारतील की, शौल राजाने एन-दोरच्या बाईकडून शमुवेलास वर बोलाविले, त्याचे काय? आम्ही त्या अध्यायाचा कीस पाडीत नाही. एवढेच दाखवितो की, शमुवेल जिवंत होता तेव्हा शौलाने त्याचे ऐकिले नाही, आणि तो मेल्यावर त्याचा शब्द ऐकावयास रात्री वेषांतर करून गेला. त्यास तेथे शांती मिळाली नाही. उलट हाबेलाची गोष्ट घ्या. त्याचे रक्त भूमीतून हाक मारिते असे शास्त्र सांगते. परंतु ती हाक रात्री वाटसरूंस भेडसावीत नाही. ती देवापुढे जाते, आणि देव जाब विचारितो तो काइनास. मेलेल्याची हाक ऐकण्याची खरी रीत ही.

आणि ही रीत पुण्यातही एका पुरुषाने पाळिली. नारायणरावाच्या खुनानंतर न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे ह्याने चौकशी केली, राघोबादादाकडे दोष जातो असे ठरविले, देहान्ताखेरीज ह्या पापास प्रायश्चित्त नाही असे त्याच्या तोंडावर सांगितले, आणि चाकरी सोडून तो पुणे सोडून गेला. नारायणरावाची आरोळी खरोखर ऐकिली ती ह्या मनुष्याने. त्यासाठी त्यास पौर्णिमेची वाट पाहावी लागली नाही.

तरुणांनी जुन्या इमारती पाहू नयेत असे आमचे म्हणणे नाही. अवश्य पाहाव्या, आपल्या जिल्ह्यात, ज्यास २०२४ पासून अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे, पाहण्याजोगे पुष्कळ आहे. परंतु जावे ते साक्षीदार होऊन जावे. येथे कोण राहिला, त्याचे काय झाले, कोणी केले, हे विचारावे. आणि ठाऊक नसेल तर गप्प बसावे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा शेजारी मेल्याने सुटत नाही. उलट, तो उत्तर देऊ शकत नाही म्हणून ती अधिक बंधनकारक होते.

उपदेशकबंधूंस आणखी एक विनंती. आपल्या गावी कोणाच्या अंगात आले, कोणास फिट आली, तर त्यास देवऋष्याकडे नव्हे, दवाखान्यात न्यावे. भूत उतरविण्याच्या निमित्ताने कोणास मारणे वा औषधोपचारापासून अडविणे हा २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने अपराध आहे. आणि कायदा नसता तरी ते पापच असते.

राहिला तो मुलगा. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजा आम्ही त्याचा हात धरून बारवेवर गेलो. पायरीवर बसून त्याची आई कशी होती ते आम्ही त्यास सांगितले: ती ओव्या कशा गात असे, तिच्या हातची भाकरी कशी असे, आणि ती कशाने वारली तेही. अंधार पडला. पाण्यात बेडूक ओरडत होते. त्याने एकदा खाली वाकून पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाला, "येथे कोणी नाही." आम्ही म्हणालो, "नाही, बाळा." मग तो उठला, आणि आम्ही त्याच वाटेने घरी आलो.