प्रार्थना, पदक आणि रविवार

३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली, भारताने ३३९ धावांचं लक्ष्य पाच गडी राखून गाठलं आणि ऑस्ट्रेलियाचा संघ महिला क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत गारद झाला. सामन्यानंतर माईक हाती आल्यावर तिला रडू आवरेना. त्या अवस्थेत तिने येशूचे आभार मानले. पुढचं सगळं ठरल्यासारखं घडलं. काहींनी ‘मैदानात धर्म कशाला आणतेस?’ म्हणत तिच्यावर तोंडसुख घेतलं, तिच्या वडिलांनाही त्यात ओढलं. काहींनी तीच चित्रफीत भक्तिगीताच्या चालीवर बसवून फिरवली: बघा, विश्वास ठेवणाऱ्याला देव असा जिंकवतो!

या दोन टोळ्या एकमेकींना पाण्यात पाहतात, पण त्यांचं एका गोष्टीवर पक्कं एकमत आहे. प्रार्थना म्हणजे सामना जिंकण्याचं साधन, हे दोघींनी गृहीत धरलंय. साधन परक्याच्या हाती दिसलं म्हणून एकीला राग आणि ते आपल्या घरचं म्हणून दुसरीला अभिमान, एवढाच काय तो फरक. अंतिम सामन्याआधी खेळाडूंच्या तसबिरींसमोर होम करणारे आपण सगळे या हिशेबात मुरलेले आहोत. नवस बोलायचा, कौल मिळाला की फेडायचा. म्हणूनच ख्रिस्ती खेळाडूंच्या प्रार्थनेचा इतिहासही आपण नवसाच्या वहीसारखा वाचतो. माझं म्हणणं असं, की ती वही फार अलीकडची आहे, आणि ती कुठे उघडली गेली याबद्दल बहुतेकांची समजूत चुकीची आहे.

सुरुवातीचा प्रवास भराभर उरकता येतो, कारण त्यावर फारसा वाद नाही. करिंथ शहराजवळ इस्थमियन खेळ भरत. तिथल्या मंडळीला लिहिताना संत पौलाने धावपटूचा दाखला दिला, तो त्याच्या संयमासाठी. विजेत्याचा मुकुट कोमेजणारा असतो, हे त्याने बजावून सांगितलं. आरंभीच्या काळातला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन याला रोमन आखाड्यांचा तिटकारा होता. इंग्लंडच्या राजा जेम्सने १६१८ मध्ये रविवारी काही खेळ खेळायला मुभा दिली, तेव्हा प्युरिटन खवळले. एकोणिसाव्या शतकात रग्बी गावच्या शाळेतून, टॉमस ह्यूज आणि चार्ल्स किंग्स्ली यांच्या कादंबऱ्यांतून ‘बलदंड ख्रिस्ती धर्म’ आला: मैदानावर शील घडतं, म्हणून खेळ हे धर्मकार्यच. त्या वाऱ्यावर वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना पसरली. १८९१ मध्ये बास्केटबॉल आणि १८९५ मध्ये व्हॉलीबॉल तिच्याच लोकांनी शोधले. तिच्याच हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं.

या टप्प्यावर खेळाची आणि धर्माची मैत्री जमली हे खरं. पण मैत्रीत वडीलकी कोणाची, हे तेव्हा स्पष्ट होतं. १८८२ च्या ज्या ओव्हल कसोटीतून ‘अ‍ॅशेस’ जन्मली त्या कसोटीत इंग्लंडचा सी. टी. स्टड खेळला होता, आणि १८८५ मध्ये भरात असलेलं क्रिकेट टाकून तो मिशनरी म्हणून चीनला गेला. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी बिशप टॅल्बट यांनी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये प्रवचन केलं. त्याच प्रवचनाचा आधार घेऊन आधुनिक ऑलिम्पिकचे जनक कुबर्तँ यांनी, जिंकण्याहून भाग घेणं मोठं, हा विचार जगभर नेला. धर्मपीठावरून खेळाला मिळालेलं सर्वांत प्रसिद्ध वचन विजयाला दुय्यम ठरवणारं होतं.

आता एरिक लिडेल. ‘चॅरियट्स ऑफ फायर’ हा १९८१ चा चित्रपट पाहिलेल्या प्रत्येकाला त्याची गोष्ट पाठ आहे: स्कॉटलंडचा हा धावपटू १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रविवारी धावायला नकार देतो, हुकमी शंभर मीटरवर पाणी सोडतो, आणि सवयीच्या नसलेल्या चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक पटकावतो. नकार दिला, देवाने भरपाई केली. जेमिमाची चित्रफीत फिरवणाऱ्यांना लिडेल हा आपला आद्यपुरुष वाटतो. खेळातल्या भक्तीचा इतिहास सांगणारेही स्टड, लिडेल, अमेरिकी फुटबॉलपटू आणि आजचे तारे अशी एक अखंड रांग लावतात. मला ही रांग मान्य नाही. ती लिडेलपाशी तुटते, आणि हे समजायचं तर चित्रपट बाजूला ठेवून पॅरिसचं वेळापत्रक हाती घ्यावं लागतं.

पात्रता शर्यत रविवारी आहे हे लिडेलला चित्रपटात बोटीवर चढताना कळतं. प्रत्यक्षात त्याला ते कित्येक महिने आधी ठाऊक होतं; त्याने शांतपणे चारशे मीटरचा सराव सुरू केला होता. ६ जुलै १९२४ च्या रविवारी शंभर मीटरची पात्रता फेरी झाली, तो धावला नाही. दोनशेमध्ये त्याला कांस्य मिळालं. शुक्रवारी, ११ जुलैला, त्याने चारशे मीटर ४७.६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. गोष्ट सांगणारे इथे थांबतात, कारण इथे थांबलं की हिशेब जुळतो.

वेळापत्रक मात्र इथे संपत नाही. दोनच दिवसांनी, १३ जुलैला, चार बाय चारशे मीटर रिलेची अंतिम शर्यत होती, आणि तोही रविवार होता. जगातला सर्वांत वेगवान चारशे मीटर धावपटू ब्रिटनकडे होता, आणि तो त्या संघात नव्हता. ब्रिटनला कांस्य मिळालं. लिडेल धावला असता तर काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. पण ज्या चौघांना ते पदक मिळालं त्यांच्या मनात हा प्रश्न आला नसेल, असं मला वाटत नाही. रविवार पाळण्याचं बक्षीस म्हणून देवाने शुक्रवारचं सुवर्ण दिलं म्हणावं, तर पुढच्या रविवारची किंमत सोबत्यांनी का मोजावी? नवसाच्या वहीत या नोंदीला रकाना नाही, म्हणून ती वाचली जात नाही.

चारशे मीटरच्या शर्यतीआधी लिडेलला एक चिठ्ठी मिळाली होती: देवाचा मान राखणाऱ्याचा मान देव राखतो, अशा अर्थाच्या बायबलवचनाची. चित्रपटात ती अमेरिकी प्रतिस्पर्धी देतो. वास्तवात ब्रिटिश संघाच्या मालिशवाल्याने दिली होती. आणि धावताना देवाच्या आनंदाची जाणीव होते, हे त्याच्या नावावर खपणारं वाक्य पटकथाकार कॉलिन वेलंड यांनी लिहिलेलं आहे. वाक्य सुंदरच आहे. पण त्याने आपला समज असा करून दिला की लिडेलची श्रद्धा त्याच्या पायांत होती. माझ्या मते ती त्याच्या नकारात होती. खेळाला ‘इथवर, पुढे नाही’ असं सांगण्याची ताकद तिच्यात होती, आणि त्या सांगण्याचा निकालाशी संबंध नव्हता. १९२५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो स्पर्धा सोडून चीनमधल्या तिएन्त्सिनला शिकवायला गेला.

त्याचं रविवारचं व्रत कर्मठपणाचं होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी शेवटचा अध्याय आहे. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला वेइशियेनच्या छावणीत कोंडलं. तिथल्या मुलांनी रविवारी हॉकी खेळायला सुरुवात केली. पंच नसल्याने भांडणं जुंपली. छावणीतल्या सोबत्यांनी पुढे सांगितलं, की त्यानंतरच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उतरला. सुवर्णपदकासाठी न मोडलेला नियम त्याने पोरांच्या भांडणासाठी मोडला. २१ फेब्रुवारी १९४५ ला मेंदूतल्या गाठीने तो त्याच छावणीत वारला.

वळण यानंतरचं आहे, आणि ते कुठल्याही स्टेडियमवर घडलं नाही. १९५४ मध्ये ओक्लाहोमातले प्रशिक्षक डॉन मॅक्लेनन यांनी ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अ‍ॅथलीट्स’ उभारली. त्यांचा युक्तिवाद साधा होता: खेळाडू दाढीच्या साबणाची, ब्लेडची, सिगारेटची जाहिरात करू शकतात, तर प्रभूची का नाही? हेतू निर्मळ होता, पण या एका वाक्यात वडीलकी बदलली. खेळाडूच्या शब्दाला वजन कशामुळे? तो जिंकतो म्हणून. शेवटून तिसऱ्या आलेल्याला साबणाची जाहिरात मिळत नाही. म्हणजे श्रद्धेला आता विजयाचा दाखला लागू लागला.

दुसरी खूण रविवारचीच. अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉल रविवारी खेळलं जातं, बेसबॉलही. लिडेलचा प्रश्न तिथे दर आठवड्याला उभा राहायला हवा होता. त्यावर १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘बेसबॉल चॅपल’ने तोडगा काढला: खेळाडूला चर्चमध्ये जाता येत नाही ना, मग उपासनाच त्याच्याकडे, संघाच्या खोलीत नेऊ. सोय झाली, तक्रार मिटली, आणि रविवार कोणाचा हा प्रश्न कोणी पुन्हा विचारला नाही. १९७६ मध्ये फ्रँक डीफर्ड यांनी ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मधल्या लेखमालेत या प्रकाराला ‘स्पोर्टियानिटी’ असं खोचक नाव दिलं. त्यांचा रोख नेमका होता: हा धर्म खेळाडूंना आपल्याकडे ओढतो, पण खेळातल्या लबाडीबद्दल, मारझोडीबद्दल चकार शब्द काढत नाही.

पुढचं सर्वांना माहीत आहे. १९७७ मध्ये अमेरिकी फुटबॉलपटू हर्ब लस्क गोलरेषेपलीकडे गुडघ्यावर बसला. २०११ मध्ये त्याच खेळातल्या टिम टिबोची तशी बैठक ही जगभरची फॅशन झाली. २०२२ मध्ये मैदानाच्या मध्यावर प्रार्थना करणाऱ्या शाळेच्या प्रशिक्षकाच्या बाजूने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला. टीव्हीने हे सगळं बिघडवलं, असं म्हटलं जातं. टीव्हीचा कॅमेरा त्या टेकलेल्या गुडघ्यांवर वळला तेव्हा कौल आधीच लागलेला होता. कॅमेऱ्याने फक्त तो जवळून दाखवला.

या वळणाचं टोक पाहायचं तर ब्रिटनचा तिहेरी उडीपटू जोनाथन एडवर्ड्स पाहावा. १९९१ ची जागतिक स्पर्धा त्याने रविवारपायी सोडली. १९९३ मध्ये विचारान्ती त्याने भूमिका बदलली, १९९५ मध्ये १८.२९ मीटरचा विश्वविक्रम केला, सिडनीत सुवर्ण मिळवलं. निवृत्तीनंतर त्याची श्रद्धाच उरली नाही. २००७ मध्ये त्याने ते उघडपणे सांगितलं, आणि श्रद्धेचा आपल्याला खेळताना मानसिक फायदा झाला, हेही मान्य केलं. रविवारी उडी मारली म्हणून देव गेला, असला बालिश निष्कर्ष मी काढणार नाही. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पण प्रार्थनेचं काम मन स्थिर ठेवणं एवढंच असेल, तर ते काम मानसोपचारतज्ज्ञही करतो, आणि खेळ संपला की दोघांचीही गरज संपते.

‘मैदानात धर्म कशाला?’ विचारणाऱ्यांनाही थोड्या इतिहासाची आठवण करून द्यायला हवी. मुंबईतच १९३७ पासून पंचरंगी क्रिकेट सामने होत, आणि त्यात बहुतेक संघांची नावंच धर्मावरून पडलेली होती. सांगलीच्या विजय सॅम्युएल हजारे यांनी १९४३ मध्ये ब्रेबॉर्नवर हिंदू संघाविरुद्ध ‘द रेस्ट’ म्हणजे उरलेल्यांच्या संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा काढल्या. ख्रिस्ती माणसाची ती खेळी मराठी घरांत आपल्या माणसाची म्हणूनच सांगितली गेली. हे सामने १९४६ मध्ये थांबले ते बरंच झालं. धर्माने संघ पाडणं वाईटच. पण एका मुलीने आभार मानणं आणि धर्मावर संघ पाडणं यांतला फरक कळू नये इतके आपण अडाणी नाही.

मग जेमिमाला कुठल्या रांगेत बसवायचं? ती लिडेल नाही. अंतिम सामना २ नोव्हेंबरला, रविवारी झाला आणि ती खेळली. त्यात गैर काहीच नाही. पण ती त्या रात्री काय बोलली ते नीट ऐकायला हवं. इंग्लंडविरुद्ध संघातून वगळल्याचं, चिंतेने ग्रासल्याचं, जवळजवळ रोज रडल्याचं तिने सांगितलं. येशूसोबत आई, वडील, प्रशिक्षक यांचे आभार मानले. शेवटी त्राण उरलं नाही तेव्हा स्थिर उभं राहा, देव तुमच्यासाठी लढेल, अशा अर्थाचं वचन घोकत राहिले, म्हणाली. नवसवाल्यांनी हेच उचललं. पण बायबलमध्ये ते वचन कोणाला उद्देशून आहे? पुढे समुद्र, मागे फारोची फौज, अशा कोंडीत सापडलेल्या पळपुट्या गुलामांना. ते विजेत्याचं वचन नाही. आपल्याकडे ज्याला करुणा भाकणं म्हणतात त्याच्या ते जवळचं आहे. ती शून्यावर बाद झाली असती तरी त्यातला एक शब्द खोटा ठरला नसता. ही कसोटी मला महत्त्वाची वाटते: हरल्यावरही जी तशीच्या तशी म्हणता येते ती प्रार्थना, बाकीचा सौदा.

दुसरी कसोटी लिडेलची. न्यूझीलंडच्या मायकेल जोन्सने रविवारी रग्बी खेळायला नकार दिला, आणि त्यापायी १९९५ च्या विश्वचषक संघात त्याला स्थान मिळालं नाही. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने संघाच्या पोशाखावरचं बिअर कंपनीचं चिन्ह आपल्या अंगावर घातलं नाही. आमला मुसलमान आहे, आणि तरीही मी त्याला लिडेलचा वारस म्हणेन, गुडघे टेकणाऱ्या कित्येक ख्रिस्ती खेळाडूंच्या आधी. मैदानात हात जोडणाऱ्याचा धर्म कोणता, हे विचारत बसण्यात काही हशील नाही. त्या धर्माने त्याला कुठल्या करारावर सही करण्यापासून, कुठल्या जाहिरातीपासून, पंचाला न दिसलेल्या कुठल्या लबाडीपासून अडवलं, हे विचारावं. प्रश्न सगळ्या धर्मांच्या खेळाडूंना सारखाच लागू आहे, आणि होम मांडून सामने पाहणाऱ्या आपल्यालाही.