तात्या मापाड्याचा काटा

बार्शीच्या भुसार बाजारात तात्या मापाडी काट्यापाशी उभे असले की वजनावरून भांडण होत नसे. शेतकरी त्यांच्यावर विश्वास ठेवी आणि अडत्याही. बाजारात हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला क्वचित येतं. पोतं टाकलं की काटा हलतो, आणि हलत्या काट्यावरचा आकडा तात्यांनी जन्मात कधी पुकारला नाही. हमाल घाई करत, मागे ट्रॅक्टरांची रांग लागे, तात्या कमरेवर हात ठेवून ढिम्म. काटा थांबला की मगच त्यांच्या तोंडून आकडा निघे.

साठी उलटल्यावर मुलगा त्यांना तपासणीला घेऊन गेला. तात्यांचे थोरले भाऊ अर्धांगवायूने गेले होते. तेव्हापासून दवाखान्याचा वास आला तरी त्यांच्या तळहाताला घाम फुटे. खालच्या टपरीवर चहा झाला, मग दोन जिने झाले, मग लगेच नंबर लागला. बसायला उंच स्टूल, पाय अधांतरी, गुंडाळून वर सारलेली बाही दंडात रुतलेली. पट्टा आवळला जात असतानाच डॉक्टर विचारत होते, तंबाखू खाता का, घरात कुणाला बीपी आहे का. तात्या भावाची हकीकत सांगू लागले आणि आकडा आला १७०/१०४. गोळी सुरू झाली. महिन्याने १७२ भरले, तेव्हा गोळ्या दोन झाल्या. एकट्या डॉक्टरांवर खापर फोडण्यात अर्थ नाही. बाहेर बाकांवर माणसं दाटीने बसलेली असली की आत कुणालाही घाईच होते.

दुसऱ्या गोळीनंतर मात्र तात्यांना पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. एकदा तर ते न्हाणीच्या उंबऱ्यावरच आदळले. गुडघा सुजला. मग त्यांच्या पत्नी गयाबाई त्यांना घेऊन दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेल्या.

बाईंनी पट्ट्याला हातच लावला नाही. "तात्या, आधी लघवीला जाऊन या. मग या खुर्चीत टेकून बसा. पाय जमिनीवर, हात टेबलावर. पाच मिनिटं बोलायचं नाही." त्यानंतर मोजलं तर १६२. मिनिटाभराने १५२. आणखी मिनिटाने १४६.

"बाई," तात्या म्हणाले, "काटा अजून हलतोय."

बाई हसल्या. "हेच तर सांगायचंय. आमच्याकडे बघूनच तुमचा काटा हलतो."

आणि त्यांनी मिलानमधल्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. १९८३ साली तिथल्या इस्पितळात रुग्णांच्या धमनीत बारीक नळी बसवून रक्तदाब सतत टिपला गेला. डॉक्टर खाटेपाशी येऊन बीपी मोजू लागले की वरचा आकडा सरासरी २७ ने चढे. पहिल्या चार मिनिटांत सगळ्यात जास्त, मग हळूहळू खाली. पुढे त्याच मंडळींनी डॉक्टरांऐवजी परिचारिकेला पाठवून पाहिलं, तर चढ निम्म्यावर आला. म्हणजे माणूस तोच, धमनी तीच. समोर कोण आलं एवढाच काय तो फरक.

"मग माझं बीपी खोटं?"

"तसं मी म्हणणार नाही. गोळ्याही तुमच्या मनाने बंद करू नका. आठवडाभर घरी मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, दोन-दोन वेळा, मधे एक मिनिट थांबून. पहिला दिवस धरायचा नाही. आणि दंडावरचं यंत्र घ्या, मनगटावरचं नको."

तात्यांनी तोलाईची जुनी वही काढली. आकडे भरत गेले: १०८, १०४, ११०. दोन गोळ्यांचा मारा, त्यात घरचा निवांत जीव. अंधारी येणार नाही तर काय! बाईंनी एक गोळी काढली, महिनाभर वही पाहिली, मग दुसरी काढली. गोळीशिवाय घरची सरासरी १२६/७८ वर टिकली. "पण सुटलात असं समजू नका," त्या म्हणाल्या. "अशा माणसांना पुढे खरंच बीपी जडायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. मीठ हात राखून, आणि वर्षातून एकदा ही वही मला दाखवायची."

इथवर गोष्ट तात्यांची. पण गयाबाईंनी त्यांना चिडवायला सुरुवात केली. "पट्टा बघून घाम फुटतो यांना! माझं बघा, बाईंनी सहज मोजलं तर १२६. मला कशाचं काही नाही." खरंच, गयाबाईंना घाबरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. घरात कुणी आजारी पडलं की सगळे त्यांच्याच तोंडाकडे बघत.

वजनातला माणूस यंत्रावर आंधळा विश्वास ठेवत नाही. काट्याला पासंग आहे का हे पाहायचं तर ज्याचं वजन माहीत आहे ते माप टाकून बघतात. तात्यांनी तेच केलं. ज्यांचं बीपी चांगलं असल्याचं ठाऊक होतं त्या गयाबाईंना बळेच बसवून पट्टा बांधला. आकडा आला १५८/९६.

"बिघडलंय यंत्र," दोघंही एका सुरात म्हणाली.

तात्या यंत्र घेऊन दवाखान्यात गेले. बाईंनी त्यांच्याच दंडावर एकदा आपलं आणि एकदा घरचं यंत्र लावून पाहिलं. दोन-तीन अंकांचा फरक, बस. यंत्र बरोबर होतं. मग वहीत गयाबाईंच्या नावाचं पान उघडलं आणि आठवड्याची सरासरी निघाली १४९/९३. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या वर गेलं की बीपी धरतात.

"काकू, दवाखान्यात आल्यावर तुम्ही काय करता?"

"काय करणार? यांचा नंबर येईस्तवर बसते."

"किती वेळ?"

"तास-दीड तास तर जातोच."

"आणि घरी एवढं कधी बसता?"

गयाबाईंना उत्तर सुचेना. पहाटे पाचला चूल, मग सासूबाईंचं अंथरूण-पांघरूण, नातवाची शाळा, दोन म्हशी. दवाखान्यातलं बाकडं हीच त्यांची विसाव्याची जागा होती, आणि मोजलं गेलं होतं तेही तिथंच.

बाईंनी सांगितलं, की दवाखान्यात चांगलं आणि घरी चढलेलं असं बीपी तात्यांच्या बीपीपेक्षा घातक. कारण ते मोजायला कुणी जातच नाही. गोळी सुरू झाली. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. सकाळ-संध्याकाळ मोजणीआधी पाच मिनिटं बसायची सक्तीही आली, आणि त्यावरूनच भांडण पेटलं.

"अहो, मी बसले तर दूध कोण बघणार?"

"मी बघतो."

पहिल्या सकाळी दूध उतू गेलं. गयाबाई खुर्चीतून उठायला निघाल्या तशी तात्यांनी हातातली सांडशी उगारली. "बस! काटा हलतोय."